डेव्हिस बंधूंचं नाटक

मंगळवार, रात्री उशिरा

लंडनच्या हॅरॉल्ड पिंटर थिएटरमधून ‘सनी आफ्टरनून’ बघून आत्ताच आले. कान अजून वाजताहेत, झोप येणं शक्य नाही.

‘द किंक्स’ या साठच्या दशकातल्या इंग्लिश रॉक बँडची ही गोष्ट. संहिता जो पेनहॉलची आणि गाणी खुद्द रे डेव्हिसची, म्हणजे बँडच्या गायक-गीतकाराची. लंडनच्या रंगभूमीसाठीच्या ऑलिव्हिये पुरस्कारांत २०१५ साली या नाटकानं चार पटकावले. तरी थोडी धास्तीच होती. अशा नाटकांत गाजलेली गाणी एकामागोमाग एक वाजतात आणि मधली गोष्ट नावापुरती असते. इथे गाणं घडताना दिसतं. संगीत नाटकांवर वाढलेल्या मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

‘यू रिअली गॉट मी’चंच बघा. साल १९६४. उत्तर लंडनमधल्या मसवेल हिलची ही साध्या घरातली पोरं. रेच्या धाकट्या भावाला, डेव्हला, गिटारचा गुळगुळीत आवाज सोसेना. त्यानं एल्पिको कंपनीच्या छोट्याशा अॅम्प्लिफायरमधल्या स्पीकरचा कागदी कोन ब्लेडनं चिरला. चिरलेला कागद थरथरला की सूर फाटतो, करवतीसारखा कानात घुसतो. त्या फाटक्या आवाजानं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. थिएटरात भिंतीभर स्पीकर लावलेत आणि नट स्वतः वाद्यं वाजवतात, त्यामुळे तो तुकडा सुरू झाला तेव्हा खुर्चीसकट हादरले.

पण मला धरून ठेवलं ते या दोन भावांनी. सहा बहिणींच्या पाठीवर झालेले हे दोघे. एकमेकांशी पटत नाही आणि एकमेकांवाचून वाजवताही येत नाही. रेच्या तेराव्या वाढदिवसाला एका बहिणीनं त्याला गिटार दिली आणि त्याच संध्याकाळी लायसियम या नृत्यगृहात नाचता नाचता ती वारली. हे ठाऊक असलं की त्याची आनंदी गाणीही वेगळी ऐकू येतात. पुढे नाव झालं, पैसा आला, त्यापाठोपाठ करारांची आणि वकिलांची कटकट. १९६५ मध्ये कार्डिफला भर कार्यक्रमात ड्रमर मिक एव्हरीनं डेव्हचं डोकं फोडलं. त्याच वर्षी अमेरिकेत कार्यक्रम करायची दारं जी बंद झाली, ती चार वर्षांनी उघडली. तिकडे बंदी आली आणि रे आणखीच इंग्लंडबद्दल लिहू लागला. ‘वॉटर्लू सनसेट’ १९६७ चं. माझ्या मते त्याचं सगळ्यात सुंदर गाणं.

घरी आल्यावर ‘सी माय फ्रेंड्स’ लावलं. १९६५ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाला जाताना बँड मुंबईत थांबला होता. पहाटे कामाला निघालेल्या मच्छीमारांचं गाणं रेच्या कानावर पडलं आणि त्यातून हे सुचलं. गिटार एकाच स्वरावर तंबोऱ्यासारखी घुमत राहते. आपल्या किनाऱ्यावरचा सूर त्याच वर्षी ब्रिटनच्या पहिल्या दहांत पोचला होता, आणि मुंबईत किती जणांना हे माहीत आहे? वेसाव्याच्या मैत्रिणीला गाणं पाठवलंय. तिच्या बाबांनी ऐकायलाच हवं, ते अजून होडीवर जातात.