व्हॅक्यूम चेंबरला धोका आतून असतो

व्हॅक्यूम चेंबरवर, म्हणजे आतली हवा काढून घेतलेल्या बंद पात्रावर, बाहेरून जास्तीत जास्त एका वातावरणाचा, म्हणजे १४.७ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब येतो. एएसएमई या अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या प्रेशर व्हेसल (दाबपात्र) संहितेचा आठवा विभाग लागू होतो तो १५ पीएसआयच्या पुढे. एवढ्याशा फरकामुळे कणत्वरकांच्या प्रयोगशाळांतली बहुतेक चेंबरं संहितेबाहेर राहतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००६ साली १० सीएफआर ८५१ हा कामगार-सुरक्षेचा नियम आणून ही पळवाट बुजवली. संहिता लागू होत नसेल तिथे निदान तिच्याइतकी सुरक्षितता सिद्ध करा, गणितं आणि आराखडे स्वतंत्र, पात्र अभियंत्याकडून तपासून घ्या, नोंदी जपा. पण ‘तिच्याइतकी’ म्हणजे किती, हे ज्याने त्याने ठरवून चालणार नव्हतं. म्हणून तिथल्या त्वरक प्रयोगशाळांनी २००८ मध्ये सामाईक मार्गदर्शिका तयार केली.

व्हॅक्यूम चेंबरच्या सुरक्षिततेचं असं मानक लिहिताना पहिला प्रश्न पत्र्याच्या जाडीचा नसावा. या चेंबरमध्ये वातावरणापेक्षा जास्त दाब कुठून येऊ शकतो, हे आधी विचारावं. नायट्रोजनची नळी, थंड पाण्याची नळी, द्रव हेलियम, प्रयोगाचा गॅस असे सगळे स्रोत कागदावर मांडावेत. एकही स्रोत नसेल तर काम हलकं होतं. असेल तर दाब १५ पीएसआयच्या आत रोखणारी व्यवस्था दाखवावी लागते. तेही जमत नसेल, तर ते सरळ प्रेशर व्हेसल आहे आणि पूर्ण संहिता पाळायला हवी.

सर्वांत साधा आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित स्रोत म्हणजे चेंबर उघडण्यापूर्वी आत सोडायचा गॅस. भरलेल्या सिलिंडरमध्ये १५० बार (एक बार म्हणजे सुमारे एक वातावरण) किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि मध्ये असतो दाब कमी करणारा एक रेग्युलेटर. जादा दाब बाहेर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची क्षमता ठरवताना रेग्युलेटर पूर्ण उघडा अडकला आहे असं धरावं. नेहमीच्या प्रवाहावरून ठरवलेला व्हॉल्व्ह नेमका गरजेच्या वेळी अपुरा पडतो. नळीत बारीक छिद्राची चकती बसवली की हा प्रवाह आवाक्यात येतो. रिलीफ आणि चेंबर यांच्यामध्ये बंद करता येणारा व्हॉल्व्ह नको.

दाबमापकही फसवतो. पिरानी गेज वायूची उष्णता वाहून नेण्याची क्षमता मोजतो आणि त्याचं अंशांकन नायट्रोजनसाठी असतं. चेंबरमध्ये आर्गॉन सोडला तर आत पूर्ण वातावरणाचा दाब झालेला असतानाही याच जातीचा कन्व्हेक्शन प्रकारचा गेज २५ टॉरच्या आसपास दाखवतो (पूर्ण वातावरण म्हणजे ७६० टॉर). समोरचा माणूस गॅस सोडतच राहतो. म्हणून भरताना पातळ पडद्यावरचा दाब थेट मोजणारा डायफ्रॅम गेजच वापरावा. त्याला वायू कोणता याने फरक पडत नाही.

क्रायोस्टॅटचं, म्हणजे द्रव हेलियमसारखे अतिथंड द्रव ठेवण्याच्या पात्राचं, प्रकरण आणखी गंभीर. एक लिटर द्रव हेलियम खोलीच्या तापमानाला आलं की सुमारे ७५० लिटर वायू होतो. १९ सप्टेंबर २००८ रोजी सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या एलएचसी या महाकाय कणत्वरकामध्ये दोन चुंबकांमधल्या विद्युतजोडणीत ठिणगीचा लोळ उठला, हेलियमचं आवरण फुटलं आणि हेलियम उष्णतारोधक निर्वातात घुसलं. रिलीफ यंत्रणा उघडली, पण तिचा आकार धरला होता त्याच्या कितीतरी पट प्रवाह आला. निर्वाताचे भाग वेगळे करणाऱ्या अडसरांवर दाब साचून कित्येक टनांचे चुंबक जागेवरून सरकले. ५३ चुंबक बाहेर काढावे लागले. ‘सर्वांत वाईट प्रसंग’ कमी धरला की पुढची बिनचूक गणितंही वाया जातात. मानकात हा प्रसंग कोणी आणि कशाच्या आधारे ठरवला, हे लिहिणं सक्तीचं हवं.

बाहेरच्या दाबाने पत्रा ताणून फाटत नाही, तर एकदम आत चेपतो. ६०० मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची लांब स्टेनलेस नळी सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे अर्ध्या बारलाच चेपते. ४ मिमीला हा आकडा १.२५ बारच्या आसपास जातो. कागदावर ती टिकते, पण हाताशी काहीच शिल्लक राहत नाही. चेपण्याचा दाब वातावरणाच्या निदान तिप्पट ठेवायचा तर ६ मिमी लागतात (४.२ बार), किंवा बाहेरून कड्या द्याव्या लागतात. नळीची गोलाई बिघडली तर हे आकडे आणखी खाली येतात. म्हणून कमाल आणि किमान व्यासातला फरक १ टक्क्याच्या आत आहे का, हे वेल्डिंगनंतर मोजावं, आधी नाही.

वेल्डबाबत निर्वातवाले आणि संहितावाले यांचं जमत नाही. संहितेला पूर्ण जाडी भरणारा वेल्ड आवडतो. निर्वाताला आतून अखंड वेल्ड हवा आणि बाहेरून तुटक, कारण दोन अखंड वेल्डच्या मध्ये अडकलेली हवा महिनोन्‌महिने झिरपत राहते. मानकाने तुटक वेल्डला मोकळीक द्यावी, पण त्याची ताकद गणितात कमी धरावी. पाण्याने दाबचाचणी बहुधा करता येत नाही, कारण आतला पृष्ठभाग खराब होतो. आणि निर्वात करून पाहणं ही एका वातावरणापुरतीच परीक्षा; तिच्यातून जास्तीची ताकद कळत नाही. पहिल्यांदा पंप लावताना माणसं लांब ठेवावीत.

बेलोजला (घड्यांच्या लवचीक धातूच्या नळीला) आणि पातळ खिडक्यांना स्वतंत्र कलम हवं. २०० मिमीच्या बेलोजला पंप लावताच सुमारे ३२५ किलोचा ओढा येतो. आधार नसेल तर शेजारचं उपकरण सरकतं. कॅप्टॉन किंवा मायलर या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांच्या खिडक्या दाबाखाली हळूहळू ताणत जातात, म्हणून त्यांच्यावर बसवल्याची तारीख आणि बदलायची तारीख दोन्ही लिहाव्यात. जवळ काम करताना खिडकीवर धातूचं झाकण आणि कानांना संरक्षण हवंच.

नंतर कोणी त्याच चेंबरला नवी गॅसनळी जोडली, तर मूळ मंजुरी तिथेच संपते आणि पहिला प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.