तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिनाचं सिलिंडर हेड वाचवायचं की भंगारात द्यायचं?

"ताई, हे वाचेल का, की सरळ भंगारात देऊ?" ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आम्ही इंजिनाची हेडं दुरुस्त करतो, त्या गाळ्यात हा प्रश्न रोजचा. मेकॅनिक विचारतात, टेम्पोवाले विचारतात, हौसेने जुनी गाडी सांभाळणारेही विचारतात. हल्ली पुष्कळ जण फोटो पाठवून विचारतात. फोटोवर मी उत्तर देत नाही, राग मानू नका. काजळी आणि तेल धरलेल्या हेडचा फोटो बघून जो 'चालेल' किंवा 'गेलं' म्हणतो तो अंदाज सांगत असतो, आणि अंदाज चुकला तर पैसे तुमचे जातात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

ज्यांचा इंजिनाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिस्टन ज्यात वरखाली होतात त्या ब्लॉकवर बोल्टने आवळलेला इंजिनाचा वरचा भाग म्हणजे सिलिंडर हेड. त्याच्या तळाशी आग पेटते, पोटातल्या वाटांमधून पाणी फिरतं आणि वरच्या बाजूला व्हॉल्व्ह (हवा-धुराच्या झडपा) आणि त्या उघडणारा कॅम यांना तेल लागतं. आग, पाणी आणि तेल या तिघांच्या मध्ये काही ठिकाणी जेमतेम काही मिलिमीटर धातू असतो. तो धातू वाकला, तडकला किंवा गंजून खाल्ला गेला की हेड माझ्याकडे येतं.

हेड टेबलावर ठेवलं की मी आधी हेडबद्दल विचारतच नाही. गाडी गरम का झाली, हे विचारते. घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात कंटेनर अडकला की मागे तासन्‌तास रांग लागते. भरलेला टेम्पो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहतो, रेडिएटरला वारा लागत नाही, आणि त्यात पंख्याचा बेल्ट सैल असेल किंवा थर्मोस्टॅट अडकला असेल तर काटा वर जातोच. मग ड्रायव्हर घाबरून बाटलीतलं गार पाणी ओततो. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की एक बाजू आकसते, दुसरी आकसत नाही, आणि दोघींच्या ओढाताणीत तडा जातो. गाडी बाजूला घ्या, इंजिन निवू द्या, मगच झाकण उघडा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि सांगत राहणार. आणि गाडी का तापली ते सापडलं नाही तर मी कितीही नीट केलेलं हेड त्याच गाडीत पुन्हा जाईल. रेडिएटर तपासायला जो तयार नाही, त्याचं हेड मी दुरुस्तीला घेत नाही.

आता बाक. बहुतेक छोट्या गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, खालचा ब्लॉक मात्र बऱ्याचदा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट वाढतं. हेड ४०० मिमी लांब धरा आणि तापमान १०० अंशांनी चढलं असं समजा: हेडला जवळपास ०.९ मिमी वाढायचं असतं, ब्लॉक वाढतो ०.४५ मिमीच्या आसपास. बोल्टने जखडलेलं असल्यामुळे हेडला लांब व्हायला जागा मिळत नाही. नेहमीच्या तापमानाला धरूनच कंपनीने ते घडवलेलं असतं, पण इंजिन बेसुमार तापलं की ते मध्ये फुगतं आणि निवल्यावर पूर्ण परत येत नाही. अचूक सरळपट्टी हेडच्या तळावर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरायची आणि खालून फिलर गेजचं पातं सरकतंय का बघायचं. चार सिलिंडरच्या पुष्कळ गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ०.०५ ते ०.१० मिमी एवढाच बाक चालतो. एका केसाच्या जाडीएवढा म्हणा ना.

इथवर बहुतेकांना माहीत असतं, आणि मग मागणी येते: "फेसिंग मारून द्या," म्हणजे तळ मशीनवर घासून सपाट करून द्या. इथेच माझं मेकॅनिक मंडळींशी वाजतं. हेडच्या वरच्या अंगात कॅमशाफ्ट फिरत असेल, तर तळ वाकला तसा कॅम ज्यात फिरतो तो वरचा बोअरही वाकलेला असतो. खालून घासून तळ आरशासारखा केलात तरी वरचा बाक तसाच राहतो. कॅम अडकत फिरतो, त्याला वरून धरणाऱ्या कॅप्स घासतात, एखाद दिवशी कॅमच तुटतो. म्हणून आधी व्हॉल्व्ह काढून, नुसता कॅम बसवून, कॅप्स ठरलेल्या टॉर्कने (जोराने) आवळून तो हाताने फिरवून बघा. सहज फिरला पाहिजे. नाही फिरला तर हेड आधी सरळ करावं लागतं: जाड प्लेटवर टोकांखाली शिम (पातळ पट्ट्या) ठेवून, मधला भाग बोल्टने दाबून, ओव्हनमध्ये दोनशे-अडीचशे अंशांवर तापवून सावकाश निववायचं. वेळखाऊ काम आहे आणि दर वेळी यश येतंच असं नाही. पण यानंतरचं फेसिंग खरं फेसिंग.

फेसिंगलाही अंत आहे. प्रत्येक हेडची किमान उंची कंपनीने दिलेली असते, आणि काही नव्या डिझेल हेडना तर कंपनी फेसिंगची परवानगीच देत नाही. पेट्रोल हेड जास्त घासलं की ज्वलनाची जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, इंजिन ठोकायला लागतं. वरचा कॅम चेन किंवा बेल्टवर फिरत असेल तर टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ, किंचित मागे सरकतं. डिझेलचं प्रकरण वेगळं. तिथे हेडचा तळ बहुधा सपाट असतो, त्यामुळे जेवढं घासाल तेवढे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. मग व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीट तेवढ्याच खोल कापायच्या, इंजेक्टरचं टोक किती बाहेर येतंय ते वॉशरने जुळवायचं, प्री-चेंबर (आधी पेट घेणारी छोटी कोठी) असेल तर तिचा उंबरठा सांभाळायचा. हे सगळं न करता नुसतं घासून दिलेलं हेड बसवल्यावर पिस्टनवर व्हॉल्व्हच्या चंद्रकोरी उमटलेल्या मी पाहिल्या आहेत. उंची आधीच संपलेली असेल तर मी नाही म्हणते. हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट जाड घालून वेळ मारून न्यायचा सल्ला मी देत नाही, कंपनीनेच त्या कामासाठी जाड गॅस्केट दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

तड्याबद्दल लोक मला "केवढा आहे?" विचारतात. मला "कुठे आहे?" जास्त महत्त्वाचं वाटतं. डिझेल हेडमध्ये इनटेक आणि एक्झॉस्टच्या सीटमधल्या अरुंद पट्टीवर बारीक रेष येणं हे नेहमीचं आहे. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की अशी रेष अमुक रुंदीपर्यंत, काहींत ०.५ मिमीपर्यंत, चालेल. पण तीच रेष सीटच्या खाली उतरून पाण्याच्या वाटेला भिडली असेल तर इंजिन पाणी प्यायला लागतं. वरून दोन्ही रेषा सारख्याच दिसतात.

म्हणून टेस्ट. हेड आधी धुऊन, काजळी आणि जुनं गॅस्केट काढून कोरडं करायचं. बिडाच्या हेडवर चुंबकाने तडा शोधता येतो, ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही, तिथे डाय टेस्ट. लाल रंग मारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा आणि वरून पांढरी पावडर फवारायची. काही मिनिटांत स्वच्छ पांढऱ्या पृष्ठभागावर लाल धागा उमटत जातो; तड्यात मुरलेला रंग पावडर वर ओढून घेते. मालक शेजारी उभा असेल तर मी त्यालाच बघायला सांगते. हा धागा सीटपाशी थांबला की आत गेला, हे मात्र डाय सांगत नाही. त्यासाठी प्रेशर टेस्ट: पाण्याच्या सगळ्या वाटा रबर आणि प्लेट लावून बंद करायच्या, आत दोन-तीन बार हवा भरायची आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवायचं. पाणी गरमच हवं. गार असताना मिटलेला तडा हेड तापल्यावर उघडतो, आणि गार पाण्यात पास झालेली हेडं गाडीवर चढल्यावर नापास होतात. टाकीत बुडवल्यावर पहिले बुडबुडे नुसते अडकलेल्या हवेचे असतात, ते निघून जाऊ द्यावेत. नंतर एकाच जागेवरून, एकामागोमाग एक, बारीक बुडबुडे येत राहिले तर उत्तर मिळालं.

मग दुरुस्ती होईल का? ॲल्युमिनियम असेल तर तडा पूर्ण खोदून काढून, हेड तापवून आर्गन वेल्डिंग करता येतं. तळावर, पाण्याच्या भोकांच्या कडेला, खाल्ल्या गेलेल्या जागी हे काम उत्तम होतं. बीड जास्त हट्टी. त्यात कार्बन इतका असतो की वेल्डिंगनंतर भरभर निवलं तर बाजूचा धातू काचेसारखा ठिसूळ होतो आणि वेल्डच्या शेजारी नवा तडा जातो. सहाशे अंशांच्या आसपास भट्टीत तापवून, वेल्ड करून, राखेत किंवा चुन्यात पुरून हळूहळू निववावं लागतं. बाहेरच्या भिंतीवर तडा असेल तर मी वेल्डिंगपेक्षा स्टिचिंग पसंत करते. तड्याच्या रेषेवर एकमेकांना चावणारे पिन आटे पाडून बसवत जायचं. आगीचं काम नाही, म्हणून नवा ताण नाही. मात्र अशी कामं करणारे हात कमी होत चाललेत. १९६२ साली एमआयडीसी जिथे सुरू झाली त्या या वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांच्या जागी आता ऑफिसं आणि टॉवर आहेत. बिडाचं वेल्डिंग कुठे होतं हे विचारत फिरावं लागतं.

ॲल्युमिनियमचा एक रोग दिसत नाही: मऊ पडणं. ही हेडं कारखान्यात हीट ट्रीटमेंट देऊन कडक केलेली असतात. पाणी संपलेल्या इंजिनात ती फार तापली की तो कडकपणा जातो. हेड बोल्टच्या वॉशरखाली खड्डा पडलाय का बघा, आणि गॅस्केटच्या लोखंडी कड्याचा ठसा तळावर नखाला लागतोय का बघा. असं हेड सरळ करून, घासून दिलं तरी बोल्टचा ताण धरत नाही, गॅस्केट पुन्हा जातं. हार्डनेस मोजून खात्री झाली की मी ते भंगारात काढायला सांगते, मग तडा एकही नसो.

व्हॉल्व्ह गाईड सैल, सीट झिजलेल्या, प्लगचे आटे गेलेले, एवढंच असेल तर काळजी करू नका. गाईड बदलतात, सीट बदलतात, आट्यांना हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसते.

एवढं झाल्यावरच पैशाचा हिशेब. माझा ठोकताळा असा: नव्या ओरिजिनल बेअर (व्हॉल्व्ह, कॅम नसलेल्या) हेडच्या किमतीच्या निम्म्याच्या वर खर्च चालला तर नवं घ्या. पण बाजारातलं स्वस्त डुप्लिकेट हेड आणि टेस्टमध्ये पास झालेलं तुमचं जुनं ओरिजिनल, यांत मी डोळे मिटून जुनं घेईन. आणि नवं मिळतच नसेल तर हिशेबच बदलतो. मुंबईतल्या टॅक्सीतून प्रीमियर पद्मिनी गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, पण घरोघरी जपलेल्या पद्मिनी अजून आहेत. वर्षानुवर्षं साधं नळाचं पाणी घातल्यामुळे पाण्याच्या भोकांभोवती पार खाल्लेलं असं हेड आलं, तर मी नफ्याकडे न बघता भरून देते. ती गाडी रविवारी सकाळी पाचपाखाडीत एक चक्कर मारणार आहे, माल घेऊन कसारा चढणार नाही.

उलट, दिवाळे कोळीवाड्यातून होडीचं हेड येतं तेव्हा मी जास्त कडक होते. पाण्याच्या वाटेला भिडलेला तडा टेम्पोत एखादवेळी दुरुस्त करून देईन. होडीसाठी देत नाही. रस्त्यावर टो करणारा मिळतो, खाडीच्या तोंडाशी ओहोटीत इंजिन बंद पडलं तर आतल्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. शाळेच्या व्हॅनलाही तोच नियम. तडा तोच, पण त्याच्यावर कोण विसंबून आहे ते बघून माझं उत्तर बदलतं, आणि ते तसंच बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

येताना जुनं गॅस्केट घेऊन या, फेकू नका. ते कुठे जळलंय त्यावरून आग कुठून निसटली ते कळतं. डिझेलच्या गॅस्केटवरच्या खाचा किंवा भोकं जाडी सांगतात, नवं त्याच खुणेचं लागतं. हेड बोल्टही आणा. हल्ली बऱ्याच गाड्यांचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. आणि ब्लॉकमधली बोल्टची भोकं साफ करून घ्या. तळाला तेल-पाणी साचलेलं राहिलं तर टॉर्क रेंच (बोल्ट किती आवळला ते मोजणारा पाना) खोटं बोलतो, प्रसंगी ब्लॉकही फुटतो.

भंगार ठरलं तर वाईट वाटून घेऊ नका. भंगारातून ॲल्युमिनियम वितळवायला नवीन धातू काढण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, त्यामुळे ते नक्की कामी येतं. माझी अट एकच. नापास झालेलं हेड मी मालकासमोर ग्राइंडरने तळावर आडवं कापते, मगच परत देते. न कापता दिलेली हेडं तड्यात लांबी (पुटी) भरून, रंग मारून, 'रीकंडिशन' म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. काही जणांना हे आवडत नाही, भंगारवाला भाव कमी देईल म्हणतात. धातूचा भाव वजनावर असतो, कापल्याने वजन घटत नाही. कापायच्या आधी चांगले व्हॉल्व्ह, स्प्रिंग, कॉलेट काढून पिशवीत घालून देते, ते उपयोगी पडतात. कॅमच्या कॅप्स मात्र हेडबरोबरच जाऊ द्या. त्या त्याच हेडवर बसवून बोअर केलेल्या असतात, दुसऱ्या हेडला लागत नाहीत.