रिकाम्या बादल्या मोजून ठेवा

सोमवार

छताची दुरुस्ती झाली, पुन्हा गळलं, की दोन्ही बाजूंची वाक्यं ठरलेली. मालक म्हणतो, "काम बोगस केलंय." कंत्राटदार म्हणतो, "काम पक्कं आहे, तुमचा स्लॅबच जुना." या भांडणात मोजता येईल असं काहीच नाही, म्हणून ते महिनोन्महिने चालतं. मिलिमीटर, लिटर आणि किलो यांत बोलायला लागलं की निम्मा वाद तिथंच मिटतो.

आधी पाणी पावसाचंच आहे ना, ते बघावं. कोरड्या दिवसांतही ओल वाढत असेल तर संशय छतावरच्या टाकीवर. रात्री टाकीत पाणी येणं बंद करायचं, घरातले सगळे नळ बंद, आणि टाकीच्या आत पातळीवर पेन्सिलीची खूण. सकाळी पाणी खुणेखाली असेल तर टाकी किंवा पाइप गळतोय, आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. पत्र्याखाली थंड सकाळी थेंब धरतात, तेही गळणं नव्हे. आतली दमट हवा गार पत्र्याला लागून दव होते. तिला बाहेर जायला वाट द्यावी लागते.

मंगळवार

डाग जिथं दिसतो त्याच्या बरोबर वरूनच पाणी शिरतं, हा समज फार महागात पडतो. स्लॅबमध्ये विजेच्या तारांसाठी पाइप टाकलेले असतात. पाणी फटीतून त्या पाइपात उतरतं, वाहत जातं आणि पंख्याच्या हुकाशी टपकतं. शिरलं असतं कठड्याच्या जोडातून, तीन-चार मीटर पलीकडे.

म्हणून पाणी साठवून चाचणी. पाणी जाण्याची तोंडं बंद करायची, गच्चीवर पाणी उभं करायचं, ४८ तास खालून बघत राहायचं. शेजारी उन्हात एक भरलेली बादली ठेवावी. बादलीतली पातळी जितकी उतरली तितकी वाफ झाली. गच्चीवरची त्याहून बरीच जास्त उतरली, तर पाणी कुठंतरी शिरतंय.

यातलं वजनाचं गणित मात्र बरेच जण विसरतात. एका चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ किलो. उतार मीटरला १० मिमी आणि लांबी ६ मीटर धरली, तर वरच्या टोकाला २५ मिमी पाणी उभं करताना खालच्या टोकाला ८५ मिमी होतं. तिथं चौरस मीटरला ८५ किलो. म्हणून सगळी गच्ची एकदम भरू नये. वाळूच्या पोत्यांनी आणि प्लॅस्टिकनं बांध घालून एकेक तुकडा भरावा. खालून सळया उघड्या पडल्या असतील तर ही चाचणी करूच नये, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावं. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. अशा जागी वरून लेप लावणं म्हणजे पाणी अडवणं फार तर; ताकद परत येत नाही.

कठड्याचे वरचे जोड साठवलेल्या पाण्यात तपासले जात नाहीत, कारण पाणी तेवढं वर चढतच नाही. तिथं होजनं मारायचं, आणि खालून वर जायचं: आधी तळाचा जोड, पंधरा-वीस मिनिटं; मग उभी भिंत, मग कठड्याचा माथा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

बुधवार

आज फक्त बादल्या.

ब्रशनं मारायच्या लेपात सगळ्यात सोपी लबाडी जाडीची. "दोन हात मारले" हे खरं असतं, पण दोन पातळ हात. करारात वाळल्यावरची जाडी १ मिमी लिहिलीय आणि डब्यावरच्या माहितीप्रमाणे घन भाग, म्हणजे वाळल्यावर उरणारा माल, आकारमानानं ६० टक्के, तर ओला थर १.६७ मिमी हवा, म्हणजे चौरस मीटरला १.६७ लिटर. १०० चौरस मीटरला १६७ लिटर. २० लिटरच्या बादल्या धरल्या तर सव्वाआठहून थोड्या जास्त. खडबडीत पृष्ठभाग जास्त माल खातो म्हणून नऊ-दहा. गच्चीवर चारच रिकाम्या बादल्या असतील तर वाळलेली जाडी अर्ध्या मिमीच्या आत आहे, कोणी कितीही शपथा घेऊ देत. पाणी घालून माल वाढवला तरी घन भाग वाढत नाही.

रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत उचलू देऊ नयेत. रांगेत लावून, बॅच नंबर दिसेल असा फोटो काढावा. बादल्या गेल्याच असतील तर वादाच्या वेळी १०० बाय १०० मिमीचा तुकडा कापून जाडी व्हर्नियरनं (बारीक मापाच्या साधनानं) मोजता येते. कापताना दोन्ही बाजू हजर हव्यात, आणि ती जागा त्याच दिवशी बुजवावी.

लेप फुगून पोपडे आले असतील तर कारण बहुधा खाली अडकलेली ओल. ४५ सेंमीचा चौकोनी प्लॅस्टिक कागद काँक्रीटवर चारही बाजूंनी टेपनं चिकटवून किमान १६ तास ठेवायचा. आतून पाणी धरलं किंवा काँक्रीट काळवंडलं तर पृष्ठभाग अजून तयार नाही. एवढी साधी गोष्ट, पण घाईत हीच गाळतात.

शुक्रवार

नियमांचा भाग लोक शेवटी वाचतात, नोटीस आल्यावर. जे होतं तेच परत करणं ही दुरुस्ती, आणि बहुतेक ठिकाणी तिला परवानगी लागत नाही. पण भार, उंची, आकार किंवा पाण्याची वाट बदलली की काम दुरुस्तीच्या व्याख्येबाहेर जाऊ शकतं. नेमकी रेघ कुठं, हे जागेगणिक वेगळं.

जुना कोबा न फोडता त्यावर नवा घालणं हे याचं नेहमीचं उदाहरण. ५० मिमी कोबा म्हणजे चौरस मीटरला ११० किलोच्या आसपास. १०० चौरस मीटरवर ११ टन, कायमचे. कंत्राटदाराला फोडणं आणि राडारोडा उतरवणं टाळायचं असतं, म्हणून तो "फोडायची गरजच नाही" म्हणतो. शिवाय कठड्याची किमान उंची नियमात लिहिलेली असते आणि ती तयार पृष्ठभागापासून मोजतात. मीटरभर कठड्याजवळ ७५ मिमी थर चढला तर उरले ९२५. गच्चीच्या दाराचा उंबरठा तेवढाच बुडतो, आणि पडदा, म्हणजे वॉटरप्रूफिंगचा थर, भिंतीवर १५० मिमी वर चढवायचा तर दाराखाली जागाच राहत नाही. दुरुस्तीनंतर पाणी दारातूनच आत आलं, तर आधी हे बघावं.

छतावर पत्र्याची शेड टाकून गळती थांबवणं हा उपाय आकर्षक, पण बांधकाम खात्याच्या नजरेत ते नवं बांधकाम ठरू शकतं. वाऱ्यानं वर उचललं जाणं हाही वेगळा भार. पायाचे बोल्ट वॉटरप्रूफिंग भेदून जातात ते आणखी वेगळं दुखणं. परवानगी लागत नाही असं कोणी तोंडी सांगितलं तर तेच खात्याकडून लेखी मागावं.

रविवार

कंत्राटदाराला पत्र लिहिताना विशेषणं काढून टाकावीत. "निकृष्ट काम" असं नको. "उत्तर-पूर्व कोपऱ्यात कठड्याचा पडदा ठरलेल्या १५० ऐवजी ८० मिमी चढवलेला आहे, सोबत टेप लावलेला फोटो. दहा दिवसांत येऊन पाहणी करावी." असं. फोटो दोन हवेत, एक लांबून जागा कळेल असा, एक जवळून. नुसता जवळचा फोटो कुठल्याही गच्चीचा असू शकतो.

त्यानं पाहण्याआधी दुसऱ्याकडून उकरून घेऊ नये. पुरावा तुम्हीच नाहीसा केला असं होतं. पण नुकसान वाढूही देता येत नाही. ताडपत्री टाकायची, कठड्यावरून पलीकडे उतरवून वाळूच्या पोत्यांनी दाबायची, खिळे ठोकायचे नाहीत. त्या खिळ्यांचं खापर नंतर तुमच्यावरच फुटतं. टाकण्याआधी आणि टाकल्यावर फोटो.

हमीपत्र नीट वाचावं: हमी मालाची की मजुरीची, देतो कोण, आणि कशानं रद्द होते. बहुतेकांत पाण्याची तोंडं साफ ठेवण्याची अट असते. ती पाळली हे दाखवायला पावसाआधी आणि नंतर जाळी उचलून आतला मोकळा पाइप दिसेल असा, तारखेचा फोटो.