तुम्ही विचारलंत म्हणून : पोराला उन्हाळ्यात अमेरिकेला कामाला पाठवावं का?

गणपती विसर्जन झालं की हा प्रश्न सुरू होतो. "पोरगं दुसऱ्या वर्षाला आहे. एजंट म्हणतोय, सुट्टीत चार महिने अमेरिकेत काम करायचं, फिरायचं, वर पैसे साठवून यायचं. तीन लाख मागतोय. खरं असतंय का हे?"

कार्यक्रम खरा आहे. त्याचं नाव 'समर वर्क ट्रॅव्हल', व्हिसा जे-वन, आणि तो अमेरिकेचं परराष्ट्र खातं चालवतं. जास्तीत जास्त मुदत चार महिने. पैसे साठवून येण्याची गोष्ट मात्र कागदावर मांडून बघितल्याशिवाय मानू नका.

आपल्याकडे ऊसतोडीला मुकादम मजुराला उचल देतो. इथं मजूरच मुकादमाला उचल देतो, एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मा गोंधळ मिटतो. कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत ज्या ऑफिसात तुम्ही बसता, तो एजंट. विद्यार्थी नेण्याची परवानगी त्याच्याकडे नसते, अमेरिकेतल्या स्पॉन्सर संस्थेकडे असते. व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ हा फॉर्मही स्पॉन्सरच देतो. म्हणून पहिला प्रश्न "किती पैसे?" हा विचारू नका. "स्पॉन्सर कोण?" हे विचारा, आणि ते नाव परराष्ट्र खात्याच्या जे-वन व्हिसाच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः शोधा. यादीत नसेल तर चहा पिऊन उठा. असेल तर खर्चाची बाबवार यादी लेखी मागा : स्पॉन्सरची फी किती, एजंटची किती, विमा किती, व्हिसा नाकारला तर परत काय मिळणार. एकरकमी आकडा सांगणाऱ्याला हा शेवटचा प्रश्न सहसा आवडत नाही.

पात्रतेत आपल्या भागातली बरीच मुलं एका गोष्टीवर अडतात. मुलगा नियमित, पूर्णवेळ पदवीचा विद्यार्थी हवा आणि किमान एक सेमिस्टर पूर्ण झालेलं हवं. बहिःस्थ प्रवेश चालत नाही. काम त्याच्या मोठ्या सुट्टीतच बसलं पाहिजे, आणि खरी गोची इथंच होते. परीक्षा मे-जूनपर्यंत रेंगाळली आणि पुढचं वर्ष लगेच सुरू झालं, तर चार महिने सोडा, दहा आठवडे काढतानाही नाकी नऊ येतात. म्हणून पैसे भरण्याआधी कॉलेजातून बोनाफाईड आणि वर्ग सुरू होण्याची तारीख लिहून घ्या. एजंटच्या तक्त्यातली तारीख आणि प्राचार्यांच्या पत्रातली तारीख जुळत नसतील, तर व्हिसा अधिकाऱ्यालाही ते दिसणारच.

आता 'सांस्कृतिक देवाणघेवाण' या शब्दाकडे येऊ. लोकांना ती माहितीपत्रकावरची नक्षी वाटते, पण पोराच्या सर्वांत उपयोगाचा शब्द तोच आहे. कार्यक्रम १९६१ च्या शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कायद्यावर उभा आहे. काम करताना अमेरिकी माणसांशी रोजचा संबंध येईल अशीच जागा द्यायची, हे स्पॉन्सरवर बंधन आहे. ते कडक झालं त्याला कारण घडलं. २०११ साली पेनसिल्व्हेनियातल्या पामायरा गावी चॉकलेटच्या पॅकिंग गोदामात लावलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनी काम बंद पाडलं. त्यानंतर नियम बदलले. वर्षाला १,०९,००० विद्यार्थ्यांची मर्यादा आली. गोदाम, कारखाना, बांधकाम, शेती, घरकाम, वाहन चालवणं, दारोदार विक्री, प्रामुख्याने रात्री १० ते सकाळी ६ ची पाळी, हे सगळं आता बंद आहे. उरतात ती हॉटेलं, करमणुकीची उद्यानं, समुद्रकिनाऱ्यावरची दुकानं, पोहण्याच्या तलावावरचे जीवरक्षक. "पॅकिंगचं हलकं काम आहे" असं कुणी म्हणालं, तर ते काम या व्हिसावर बसतच नाही.

भारतीय विद्यार्थ्याला तिथं जाऊन काम शोधायची मुभा नाही, नोकरी आधी ठरलेली लागते. ऑफरमध्ये तीन गोष्टी बघा : तासाला किती डॉलर, आठवड्याला किती तास, आणि राहायची सोय कोणाची. तास घसरतात हीच सगळ्यात नेहमीची तक्रार. पावसाचा आठवडा गेला, गर्दी नसली, की मालक पाळ्या कापतो. दुसरी नोकरी धरता येते, पण स्पॉन्सरने आधी मंजूर केली तरच. परस्पर धरली तर कार्यक्रमच संपू शकतो.

हिशोबासाठी आकडे धरून बघू. तासाला १४ डॉलर, आठवड्याला ३२ तास, दहा आठवडे : ४,४८० डॉलर. जे-वनवरच्या विद्यार्थ्याला सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची (तिथली पेन्शन आणि म्हातारपणीच्या आरोग्यविम्याची) कपात लागत नाही (पगारात कापलेली दिसली तर लगेच विचारायचं), पण आयकर लागतो. तो दहा टक्के धरला तर उरले ४,०३२. खोलीभाडं आठवड्याला १३०, जेवण ७०, म्हणजे २,००० गेले. फोन आणि बसला २००. हातात राहिले १,८३२. डॉलर ९० रुपयांचा धरला तर साधारण १ लाख ६५ हजार. आता यातून विमानाचं तिकीट, एजंट आणि स्पॉन्सरची फी, १८५ डॉलर व्हिसा अर्जाचे आणि ३५ डॉलर सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची तिथली सरकारी नोंद) नोंदणीचे वजा करा. तीन लाख पतसंस्थेतून काढले असतील तर व्याजही धरा. पोराला जग बघायला, इंग्रजी मोकळं करायला पाठवायचं असेल आणि खर्च झेपत असेल, तर खुशाल पाठवा. कर्ज काढून कमवायला पाठवू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाठवायचं ठरलंच तर पासपोर्ट आधी हातात घ्या. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळं नाव एकाच ओळीत लिहिलेले पासपोर्ट आपल्याकडे अजून दिसतात. अमेरिकी व्हिसावर मग पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही', असं छापून येतं आणि पुढं बँकेपासून पगारापर्यंत नाव जुळेना होतं. ती दुरुस्ती अर्जाआधी करून घ्या. मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीत जाता येतं, पण सकाळची पहिली वेळ मिळाली असेल तर एक दिवस आधीच जा. नकार बहुतेक वेळा अमेरिकी कायद्याच्या कलम २१४-बी खाली येतो : मुलगा परत येईल याची खात्री पटली नाही. पाठ केलेली उत्तरं तिथं उघडी पडतात. पुढच्या वर्षी कोणते विषय आहेत, कॉलेज कधी सुरू होतं, मालकाचं गाव कोणत्या राज्यात आहे, हे त्याला स्वतःच्या इंग्रजीत सांगता आलं पाहिजे. मोडकं चालेल.

डीएस-२०१९ हातातल्या पिशवीत ठेवायचा, सामानात नाही. कांदा-लसूण चटणी चालते, फक्त खाद्यपदार्थ आहेत हे विमानतळावर सांगायचं. सुकं मटण नेऊ नका. उतरल्यावर स्पॉन्सरकडे हजेरी नोंदवायची, मगच सोशल सिक्युरिटी नंबरचा (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) अर्ज. पासपोर्ट मालकाकडे ठेवायला द्यायचा नाही, कोणीही मागितला तरी. स्पॉन्सर दाद देत नसेल तर परराष्ट्र खात्याची जे-वन मदतवाहिनी आहे : १-८६६-२८३-९०९०. काम संपल्यावर फिरायला ३० दिवस मिळतात. त्यात एक तासही काम करायचं नाही.

निघताना मालकाकडे कोल्हापूरचा पूर्ण पत्ता पिनकोडसह द्यायचा. डब्ल्यू-टू हा पगाराचा दाखला पुढच्या जानेवारीत निघतो आणि १५ एप्रिलपर्यंत करविवरण भरावं लागतं. जादा कापलेला कर त्यावरच परत मिळतो, म्हणून तिथलं बँक खातंही तोवर बंद करू नका.