विभागाच्या भिंतीवरचा तक्ता

गेली सहा वर्षे मी लीड्समध्ये राहून इंग्लंडमधल्या विद्यापीठांना अध्यापन आणि मूल्यमापन या विषयांवर स्वतंत्रपणे सल्ला देते. नाशिकला कोणी माझ्या कामाची चौकशी केली, तर आई "ती प्राध्यापकांना शिकवते" असे उत्तर देते. ते तितकेसे खरे नाही, कारण ज्यांच्यासमोर मी बसते त्यांना त्यांचा विषय माझ्यापेक्षा कितीतरी अधिक येतो. एखादा विद्यार्थी तीन वर्षांत एकूण काय काय लिहून देतो, केव्हा देतो, त्यावर त्याला काय सांगितले जाते आणि त्या सांगण्याचा पुढच्या लेखनात काही उपयोग होतो का, हे सारे एकत्र मांडून विभागापुढे ठेवणे हे माझे काम आहे.

अशा कामासाठी बाहेरचे माणूस कशाला लागते, असे कोणालाही वाटेल. इथली पदवी ३६० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) असते. वर्षाला १२० श्रेयांक आणि बहुतेक ठिकाणी एका विषयाला २०, म्हणजे वर्षाला सहा विषय. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, निबंध आणि परीक्षा तो शिकवणारा प्राध्यापकच ठरवतो आणि पेपरही तोच तपासतो. प्रत्येकजण आपापल्या विषयाची मनापासून काळजी घेतो. पण सहाही विषय एकदम अंगावर येतात ते फक्त विद्यार्थ्याच्या.

तीन वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या इतिहास विभागात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्राचा एक मोठा तक्ता भिंतीवर चिकटवला होता. आडव्या ओळीत बारा आठवडे, उभ्या रकान्यात तीन विषय, आणि विद्यार्थ्यांनी द्यायच्या प्रत्येक कामासाठी एक लाल ठिपका. एकूण नऊ ठिपके होते, त्यांपैकी सात शेवटच्या दोन आठवड्यांत. खोलीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही. तीनही प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना पुरेसा वेळ मिळावा, याच सद्हेतूने मुदत सत्राच्या अखेरीस ठेवली होती, आणि त्या तिघांच्या सद्हेतूंची बेरीज भिंतीवर दिसत होती. तपासलेले काम पंधरा कामकाजाच्या दिवसांत परत मिळेल असा त्या विद्यापीठाचा नियम होता. म्हणजे अकराव्या-बाराव्या आठवड्यात दिलेल्या निबंधावरचा अभिप्राय विद्यार्थ्याच्या हाती पडेपर्यंत तो विषयच संपलेला असे. त्याच दिवशी विद्यार्थ्यांशी बोलताना एका मुलीने अगदी साधेपणाने सांगितले की ती गुण पाहते आणि खालचा मजकूर उघडतच नाही, कारण तो आता काय कामाचा. ते प्राध्यापक एकेका निबंधावर अर्धा अर्धा तास खर्च करून तो मजकूर लिहीत होते.

असे तक्ते मांडण्याची ही पद्धत मी शोधलेली नाही. विंचेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने २००९ मध्ये सुरू झालेल्या 'टेस्टा' या प्रकल्पाने ती इथे रूढ केली: आधी संपूर्ण पदवीतल्या मूल्यमापनाची मोजदाद करायची, मग विद्यार्थ्यांना प्रश्नावली द्यायची, आणि शेवटी त्यांच्याशी गटाने बोलायचे. मी त्यात माझी एक भर घातली आहे. तपासलेले पन्नास-साठ निबंध घेऊन त्यांवरच्या शेऱ्यांतले किती शेरे मागे पाहतात आणि किती पुढे पाहतात, हे मी मोजते. "युक्तिवाद विस्कळीत आहे" हा मागे पाहणारा शेरा. "पुढच्या निबंधात प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात तुझा मुद्दा सांग" हा पुढे पाहणारा. बहुतेक विभागांत पहिल्या प्रकारचेच शेरे अधिक सापडतात, आणि त्यात तपासणाऱ्याचा आळस मुळीच नसतो; पुढचे लेखन कोणत्या विषयात, कोणासाठी होणार आहे हेच त्याला माहीत नसते.

सुरुवातीच्या दोन वर्षांत मी चाळीस पानांचे अहवाल लिहीत असे, आणि ते कोणी वाचत नसे. आता मी दोन पाने लिहिते आणि उरलेला एक दिवस विभागातल्या सगळ्यांबरोबर त्या तक्त्यासमोर बसते. बदल झालाच, तर तो त्या दिवशी होतो.

आपल्याकडच्या वाचकांना इथल्या गुणांविषयी थोडे सांगायला हवे, कारण मुले इकडे शिकायला आलेल्या कितीतरी पालकांचे काळजीचे फोन मला येतात. इथे ७० किंवा अधिक गुण म्हणजे पहिला वर्ग, ६० ते ६९ म्हणजे दुसऱ्या वर्गाचा वरचा भाग, आणि ४० ला उत्तीर्ण. एम.ए., एम.एस्सी.ला ५० ला उत्तीर्ण आणि ७० ला डिस्टिंक्शन. निबंधाच्या विषयांत ८० च्या वर क्वचितच कोणी जाते. त्यामुळे मुलाला ६८ मिळाले तर तो मागे पडला असे समजू नये; ते चांगले गुण आहेत.

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी अकरा वर्षे अर्थशास्त्र शिकवले. दरवर्षी कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या मध्यवर्ती पेपर-तपासणीला जायचे, समोर आलेला गठ्ठा सोडायचा, मॉडेल आन्सर बाजूला ठेवून पेपर तपासायचे. ती उत्तरे कोणाची हे मला माहीत नसे, आणि माझ्या लाल शाईच्या खुणा त्या मुलांपर्यंत सहसा पोहोचतही नसत. ही व्यवस्था मूळची इथलीच आहे, हे मला इकडे आल्यावर नीट उमगले. १८३६ मध्ये स्थापन झालेले लंडन विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवत नसे. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे त्याच धर्तीवर उभी राहिली. इंग्लंडमध्ये मात्र शिकवणाऱ्यानेच तपासायचे ही रीत रुजली, आणि तपासणीवर नजर ठेवायला दुसऱ्या विद्यापीठातला बाह्य परीक्षक आला. डरहॅम विद्यापीठाने आपल्या आरंभीच्या काळात ऑक्सफर्डमधून परीक्षक बोलावले, तिथे या परंपरेचा उगम सांगतात. विद्यार्थ्याला ओळखणाऱ्याने तपासावे आणि न ओळखणाऱ्याने त्या तपासणीची खातरजमा करावी, ही मांडणी मला न्याय्य वाटते. कॅपमध्ये घालवलेल्या माझ्या उन्हाळी सुट्ट्या आठवल्या की आपल्याकडच्या मुलांचे त्यात किती नुकसान होते, याचे मला आजही वाईट वाटते.

व्यवसाय म्हणून हे काम बेभरवशाचे आहे. विद्यापीठाने परचेस ऑर्डरचा क्रमांक दिल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही, आणि २०१७ पासून सरकारी क्षेत्रातल्या प्रत्येक कामाआधी मी खरोखर स्वतंत्र आहे की करापुरती नोकरदार आहे, हे तपासले जाते. इथल्या विद्यार्थ्यांचे वार्षिक शुल्क २०१७ पासून सात-आठ वर्षे ९,२५० पौंडांवर थांबलेले होते, आणि जानेवारी २०२४ पासून संशोधनाऐवजी वर्गात शिकून पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब आणता येत नाही, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्काचा आधारही डळमळला. विभागांतल्या जागाच कमी होत असताना सल्लागाराला कोण बोलावणार? माझी काही कामे गेली, आणि ज्यांच्याबरोबर मी तक्ते मांडले होते अशा काही चांगल्या शिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या. मला दुसऱ्या गोष्टीचे दुःख अधिक आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून मला येणारे निम्मे प्रश्न त्याच्याविषयीचे असतात. अनेकांना निबंध बंद करून पुन्हा सभागृहातली तीन तासांची परीक्षा आणावीशी वाटते. मी त्याला विरोध करते. ज्या विषयात मुलाने दोन महिने साधने धुंडाळून, खोडून, पुन्हा लिहून काही उभे करायचे असते, त्याची पारख तीन तासांत होत नाही. यंत्राने लिहिलेले ओळखणाऱ्या साधनांवर विसंबून एखाद्या मुलावर आरोप ठेवणे तर मला अन्यायाचेच वाटते, विशेषतः इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही आणि जो म्हणूनच जपून, ठरावीक वाक्ये लिहितो अशा मुलावर. त्याऐवजी मी मधला कच्चा खर्डा मागायला आणि निबंधावर दहा मिनिटे तोंडी बोलायला सुचवते. त्याला वेळ लागतो हे खरे आहे, आणि म्हणूनच आधी नऊ कामांची सहा करावी लागतात.

त्या इतिहास विभागात मी या वर्षी पुन्हा गेले. दुसऱ्या वर्षाचा नवा तक्ता त्यांनी स्वतःच भिंतीवर लावला होता. त्यावर सहा ठिपके होते, पहिला चौथ्या आठवड्यात. आणि त्या पहिल्या छोट्या निबंधावरचा अभिप्राय पुढच्या निबंधाच्या आरंभी विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचा, त्यातून आपण काय बदलले तेही सांगायचे, अशी अट त्यांनी घातली होती. ती कल्पना माझी नव्हती. विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापकांची होती, पहिल्या भेटीत जे दिवसभर एक शब्दही बोलले नव्हते. त्यांनी मला असे चार-पाच निबंध वाचायला दिले. ते वाचून झाल्यावर आम्ही चहा घेतला, आणि दोन वाजता तिसऱ्या वर्षाचा कोरा तक्ता टेबलावर पसरला.