धरून की सोडून?

आधार कार्डावर आईच्या नावात 'बाई' आहे, बँकेच्या पासबुकात नाही. या एका 'बाई'पायी १८ सप्टेंबर २०२५ ला, गुरुवारी, आम्ही दोघी बँकेत गेलो. अर्ज, झेरॉक्स, तीन ठिकाणी सह्या. खिडकीतल्या मुलीनं शिक्का मारला आणि मान वर न करता म्हणाली, "दहा वर्किंग डेज."

घरी आल्यावर आईनं भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवलं. अठरा एक, एकोणीस दोन, वीस तीन, असं करत ती दहावर पोचली आणि २७ तारखेभोवती पेनानं गोल काढला.

दिवस मोजण्यात आईला हरवणारं माणूस आमच्या गल्लीत नाही, हे आधी सांगायला हवं. दुधाचा रतीब, त्यातले खाडे, पाहुणे आले त्या दिवशीचं जादाचं अर्धा लिटर, सगळं त्या कालनिर्णयच्या चौकटींत असतं. महिनाअखेरीला दूधवाला एकोणतीस दिवस म्हणाला आणि आई सत्तावीस म्हणाली, तर सत्तावीसच असतात. तो आता वादच घालत नाही.

तर २७ ला मी ऑफिसात आणि आई एकटीच बँकेच्या दारात. चौथा शनिवार. शटर खाली. बँका दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असतात याला आता दहा वर्षं झाली, सप्टेंबर २०१५ पासून. आईला ते माहीत नव्हतं असं नाही, पण तिचा मुद्दा वेगळा होता. "दहा दिवस म्हटलंय न्हवं त्यांनी? मग दहा झाले की!" नवरात्र चालू होतं, म्हणून ती तशीच अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभी राहिली, महाद्वार रोडवर पावशेर शेंगदाणे घेतले आणि दुपारी घरी आली. खेप वाया गेली हे तिनं शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

खरं तर दोष तिचा नाहीच. मराठीच दोन्ही टोकं धरून मोजते. दिवस सात, पण आपण त्यांना आठवडा म्हणतो, कारण या सोमवारपासून त्या सोमवारपर्यंत बोटं आठ लागतात. 'आठ दिवसांनी या' म्हणणारा शिंपी आपल्याला त्याच वारी बोलवत असतो (त्या दिवशी कपडे तयार असतात असं नव्हे). दोन आठवड्यांचे चौदा व्हायला हवेत, आपण पंधरा म्हणतो. बारसं बाराव्या दिवशी, पण जन्माचा दिवस पहिला धरून. आणि दीड दिवसाचा गणपती तर कुठलीच वजाबाकी मानत नाही; तो चतुर्थीला येतो, दुसऱ्या दिवशी जातो आणि दोन वेळच्या मोदकांचा हिशेब लावून जातो.

शाळेतलं गणित मात्र २७ मधून १८ वजा करून नऊ सांगतं. दोन्ही खरं आहे. हाताला बोटं पाच, मधल्या फटी चार. आई बोटं मोजते, वजाबाकी फटी मोजते.

रात्री मी लॅपटॉप उघडला. एक्सेलमध्ये नेटवर्कडेज नावाचं फंक्शन आहे, दोन तारखा दिल्या की मधले कामाचे दिवस काढून देतं. मी १८ सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर घातलं. उत्तर आलं बरोब्बर दहा. बुधवारी काम होणार, असं आईला ऐटीत सांगून टाकलं. मग झोप येईना म्हणून हातानं मोजायला बसले, तर गंमत कळली. एक्सेल पहिला दिवसही धरतं, म्हणजे अर्ज दिला तो गुरुवारही त्यानं कामाचा मोजला होता. आणि त्याच्या लेखी सगळेच शनिवार सुट्टीचे, म्हणून २० तारखेचा तिसरा शनिवार, ज्या दिवशी बँक चक्क उघडी होती, तो त्यानं गाळला होता. एक दिवस फुकटचा आत, एक दिवस नाहक बाहेर. दोन चुकांनी मिळून बरोबर उत्तर काढलं होतं. माझ्या ऑफिसातले निम्मे रिपोर्ट असेच जुळत असणार.

त्याच फंक्शनचा थोरला भाऊ आहे, त्यात सुट्टीचा वार आपण नंबरानं सांगायचा. नुसता रविवार असेल तर ११, नुसता सोमवार असेल तर १२. हा बारा नंबर पाहून मला शेजारचे काका आठवले. त्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे आणि सुट्टी सोमवारी. त्यांच्या हिशेबानं तेच दहा दिवस ३० सप्टेंबरलाच भरत होते. "आणि एक तारखेला खंडेनवमी," काका म्हणाले, "मशिनला हळद-कुंकू. तो दिवस तू धरणार का सोडणार?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या-चौथ्या शनिवारसाठी तर त्या फंक्शनकडे नंबरच नाही, ते सुट्ट्यांच्या यादीत एकेक करून घालावे लागतात.

कायद्याचंही एकमत नाही. कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ लावून देणारा १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम सांगतो, 'पासून' म्हटलं की पहिला दिवस सोडायचा; मुदतीच्या शेवटच्या दिवशी कचेरी बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी गेलं तरी चालतं. त्याच्याहून सोळा वर्षांनी थोरला, हुंडी-वचनचिठ्ठ्यांचा, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी वचनांचा, १८८१ चा कायदा मात्र उलटा. वचनचिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असं धरायचं. थोडक्यात, कागद द्यायचा असला तर एक दिवस सवलत, पैसे द्यायचे असले तर एक दिवस घाई.

मामाला हे सांगितलं तर तो हसला. त्याचा ऊस कारखान्याला जातो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचं, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे आणि त्यात 'कामाचे' हा शब्द नाही. "तोडलेला ऊस रविवार बघून वाळायचा थांबत नाही," मामा म्हणाला. ते चौदा दिवस प्रत्यक्षात किती लांबतात, यावर मग तो बराच वेळ बोलला. ते इथं लिहीत नाही.

आणि किरणोत्सव? ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीचं ऊन अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतं. २०२५ मध्ये नऊ तारीख नेमकी रविवारी आली होती. वार त्याच्याच नावाचा, तरी सूर्याला सुट्टी नाही.

बुधवारी मी सुट्टी टाकून आईबरोबर गेले. "अजून नाही झालं," मुलगी म्हणाली. मी बोटांवर दिवस मोजून दाखवले. तिनं अर्जावरचा शिक्का दाखवला: वेळ ४.१०. चारनंतर आलेला अर्ज दुसऱ्या दिवशी आला असं धरतात. म्हणजे मोजणी एकोणीसपासूनही नाही, वीसपासून. दुसऱ्या दिवशी दसरा आणि गांधी जयंती एकाच तारखेला, दोन सुट्ट्यांची एक झालेली. शुक्रवारी, ३ तारखेला या.

रिक्षात आई म्हणाली, "बँकेचे दहा म्हणजे आपले पंधरा. आधीच सांगायचं न्हवं!" मी मनात ३ ऑक्टोबरमधून १८ सप्टेंबर वजा केला. पंधरा.

शुक्रवारी पासबुकात 'बाई' आली. त्याच खेपेत आईची एक मुदत ठेव नव्यानं करायची होती. मुलीनं माहितीपत्रक पुढं सरकवलं, "आजी, ४४४ दिवसांची करा, व्याज जास्त आहे."

आईनं चष्मा लावला, आकडा दोनदा वाचला आणि तिला विचारलं, "हे रविवार धरून का सोडून?"