खायचं की ठेवायचं?

जपानमधल्या माझ्या पहिल्या एप्रिलमध्ये मी साकुरामोची खाल्ली. गुलाबी मोची म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, आत आझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण, बाहेरून मिठात मुरवलेलं चेरीचं पान. पानासकट खायची. गोडाच्या मधेच ते खारट पान इतकं भारी लागतं की मी लागोपाठ दोन हाणल्या. मग मे महिन्याच्या तोंडावर ऑफिसात काशिवामोची आली, ५ मेला इथे मुलांचा सण असतो त्याची. परत मोची, परत पान. म्हटलं आता काय, आपण एक्स्पर्ट! घेतला चावा.

ते पान ओकच्या जातीतलं निघालं, नुसतं चामडं. चावतेय चावतेय, तुटेचना, आणि समोरच्या डेस्कवरच्या बाई बघतायत पण बोलत काही नाहीत, शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ते... आम्ही खात नाही." तोवर अर्धं पान पोटात गेलेलं. लहानपणापासून डोक्यात फिट बसलंय ना, पानात काही टाकायचं नाही. इथे पानच टाकायचं होतं!

काशिवाचं, म्हणजे त्याच ओकचं, जुनं पान म्हणे नवी पालवी फुटेपर्यंत झाडावरून गळत नाही, म्हणजे वंश खंडत नाही, म्हणून मुलांच्या सणाला हेच पान. आणि मी तो वंश चघळत बसलेले.

पण आपल्याकडे तरी कुठे पाटी लावलेली असते? अळूवडीचं पान खायचं, पातोळ्यांचं हळदीचं पान सोलून बाजूला काढायचं, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. वर स्टीलच्या ताटालाही आपण पानच म्हणतो, "पानं घेतलीयेत, चला" अशी हाक आली की केळीचं पान कुणी शोधत नाही.

तर तेव्हापासून मी समोर पान आलं की आधी बाकीचे काय करतात ते बघते. साशिमीखालचं, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांखालचं, शिसो नावाचं हिरवं पान खायचं. नाराकडच्या सुशीवरचं पर्सिमनचं पान सोलायचं. हिदा-ताकायामाकडे मॅग्नोलियाचं वाळकं पान शेगडीवर ठेवून त्यावर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, भाजतात, म्हणजे ते भांडंच झालं. आणि ही भीती उगाच नाही बरं का, २००८ मध्ये इबाराकीत आणि ओसाकात ताटात सजावटीला ठेवलेलं हायड्रेंजियाचं पान गिऱ्हाइकांनी खाल्लं आणि उलट्या होऊन आजारी पडले. बेन्तोच्या डब्यातलं ते हिरवं प्लॅस्टिकचं गवत असतं ना, बारान, तेही मुळात हारान नावाच्या खऱ्या पानाची नक्कल. एका पदार्थाचा वास दुसऱ्याला लागू नये म्हणून मधे उभं करायचे. ते मात्र मी पहिल्या दिवशीच ओळखलं.

ताटात सजावटीला ठेवतात ती पानं येतात कुठून, तर बरीचशी शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु नावाच्या डोंगरातल्या गावातून. वस्ती दीडेक हजार. पूर्वी गाव संत्र्यांवर चालायचं, १९८१ च्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली की झाडंच मेली. तिथल्या शेतकी सोसायटीतला योकोइशी तोमोजी नावाचा तरुण एकदा ओसाकात सुशी खायला बसला होता, तर जवळच्या टेबलावरच्या मुलींनी ताटातलं मेपलचं लाल पान 'कित्ती गोड' म्हणत रुमालात गुंडाळून घेतलं. ह्याची ट्यूब पेटली, अशी पानं तर आमच्या गावात ढिगानं पडलेली असतात! पानांचे पैसे करायचे हे जपानी गोष्टींमध्ये कोल्ह्याचं नाहीतर तानुकी नावाच्या कुत्र्याच्या जातीतल्या रानटी प्राण्याचं जादूचं काम, माणसाचं नाही, त्यामुळे गावात कुणाला ते पटायला वेळ लागला. १९८६ ला सुरुवात केली तर माल खपेना, कारण पानं कशीही तोडलेली, साइज वेगवेगळे. मग हा पठ्ठ्या स्वतःच्या पैशानं महागड्या हॉटेलांत जेवत सुटला, कुठलं पान कुठल्या ताटात जातं आणि सीझनच्या किती आधी लागतं ते बघायला. (असा रिसर्च मलाही कुणी द्यावा.) आता तिथल्या सत्तरीपुढच्या आज्या टॅबलेटवर ऑर्डरी बघतात, जी आधी बोट लावेल तिची ऑर्डर, मग बागेत जाऊन तेवढीच पानं खुडायची, एकसारखी लावून पॅक करायची. ३०० च्या वर प्रकार आहेत.

गेल्या नोव्हेंबरात आई आली होती. तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं, नुसतं जेवायला नेलं. भाजलेल्या माशाची ताटली आली, कडेला मेपलचं एवढंसं लाल पान, पाच बोटं पसरल्यासारखं, देठाजवळ अजून जरा हिरवं. आईनं मासा सोडून आधी ते उचललं.

"हे खायचं की ठेवायचं गं?"

"ठेवायचं," मी म्हटलं.

तिनं ते पान पदराला पुसलं, टिश्यूत गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवलं.